रत्नागिरी म्हणजे गणपतीपुळ्याच्या वाटेवरचा चहाचा थांबा नव्हे!

सड्यावरचा | ५ जानेवारी, रात्री १०:४०

दर हिवाळ्यात मला चार-दोन फोन ठरलेले असतात. "अरे, आम्ही गणपतीपुळ्याला चाललोय. वाटेत रत्नागिरीत बघण्यासारखं काही आहे का?"

वाटेत? हायवेवरून निवळीला आत वळलात तर रत्नागिरी वाटेत लागतच नाही. हातखंब्यावरून शहरात आलात म्हणजे मुद्दाम आलात. आणि मुद्दाम आलात तर वडापाव खाऊन, थिबा पॅलेसच्या गेटवर फोटो काढून पळू नका, एवढीच विनंती. दोन रात्री तरी काढा. म्हणून हा धागा. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी भर घाला, माझं चुकलं तर कान धरा.

आधी गावाची बांधणी सांगतो, कारण नवखा माणूस इथेच फसतो. मोबाइलवर मारुती मंदिर ते मांडवी हे अंतर किरकोळ दिसतं. "चालतच जाऊ की" असं वाटतं. जाताना काही नाही, परत येताना कळतं. रत्नागिरी दुमजली आहे. वरचा मजला म्हणजे सडा: साळवी स्टॉप, मारुती मंदिर, नाचणे, थिबा पॅलेस. सगळा जांभ्याचा कातळ. खालचा मजला म्हणजे गोखले नाका, रामआळी, टिळक आळी आणि त्याच्याही खाली मांडवी, राजिवडा, भाट्याची खाडी. गाड्यांचे रस्ते वळणं घेत उतरतात, माणसं पाखाड्यांनी सरळ उतरतात. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची अरुंद वाट. दोन्ही अंगांना गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, त्यावर वाळलेलं शेवाळ, मध्येच कुणाच्या तरी घराचं मागचं दार. आमच्या घरामागच्या पाखाडीला नव्वद पायऱ्या. शाळा खाली, घर वर. सकाळी एका दमात खाली, दुपारी दप्तरासकट नव्वद मोजत वर. दहावीपर्यंत माझा व्यायाम एवढाच.

आता बघण्याचं. पहिल्या दिवशी दुपार कलली की थिबा पॅलेस (सोमवारी बंद असतो, लक्षात ठेवा) आणि तिथून थिबा पॉइंट. खाली काजळी नदी समुद्राला मिळताना दिसते. भाट्याचा पूल, राजिवड्याच्या होड्या, पलीकडे सुरूचं बन, सगळं एका नजरेत. ज्याच्याकडे दोनच तास आहेत त्याने एवढं केलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला रत्नदुर्ग. सातला म्हणजे सातला. दहानंतर जांभा तापतो आणि किल्ल्यावर सावली नावाची चीज फार नाही. घोड्याच्या नालेसारखा किल्ला, तीन बाजूंना पाणी. १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी आदिलशहाकडून घेतला, पुढे आंग्र्यांकडे होता. बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ, दुसऱ्या टोकाला दीपगृह, खाली पेठकिल्ल्याची वस्ती. तटावरून दोन्हीकडे बघा. एका अंगाला मांडवीचा काळा समुद्र, दुसऱ्या अंगाला मिऱ्याकडचा पांढरा समुद्र. पाण्याचा रंग एकच हो, वाळू वेगळी. लहानपणी मला वाटायचं की जगात सगळीकडे समुद्र असे दोन-दोनच असतात.

भर दुपारी टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान, पतितपावन मंदिर आणि मुलं बरोबर असतील तर झाडगावचं मत्स्यालय. तिथला देवमाशाचा सांगाडा बघून मुलं गप्प होतात, हा अनुभव आहे. संध्याकाळी मांडवीच्या जेट्टीवर.

आरे-वारे, पावस, गणपतीपुळे यावर मी मुद्दामच लिहीत नाही. ते सगळेच सांगतात.

गोदाकाठ | ६ जानेवारी, सकाळी ९:१५

अगदी वेळेवर धागा काढलात! आम्ही २३ ते २५ जानेवारी येतोय. आई-बाबा (दोघंही सत्तरीपुढचे), मी, नवरा आणि दोन मुलं, एक १३ वर्षांचा आणि एक ९ वर्षांची. नाशिकहून ठाण्यापर्यंत गाडीने, पुढे जनशताब्दी. बाबांना टिळकांचं घर बघायचंच आहे, बाकी काही नाही दाखवलं तरी चालेल म्हणतात. आईचे गुडघे दुखतात. मुलाला फक्त समुद्र आणि वाय-फाय हवं. मुलीला सगळंच हवं.

प्रश्न दोन. गुडघ्यांसाठी किल्ला कितपत जमेल? आणि एक पूर्ण दिवस आरे-वारे, गणपतीपुळ्याला दिला तर तुम्ही रागावणार नाही ना? :)

खडूस_काका | ६ जानेवारी, सकाळी ११:०२

धाग्याचं शीर्षक वाचून करमणूक झाली. दोन वर्षांपूर्वी सहकुटुंब गेलो होतो. थिबा पॅलेस म्हणजे रिकाम्या खोल्या आणि काचेच्या कपाटात मूर्ती. वीस मिनिटांत बाहेर. गावात धूळ, रिक्षावाल्यांशी घासाघीस. एका लॉजवर 'सी व्ह्यू' म्हणून जास्तीचे पैसे घेऊन खोली दिली. समुद्र दिसायचा, नाही असं नाही. बाथरूममध्ये बादली पालथी घालून तिच्यावर उभं राहिलं की झरोक्यातून. बायको म्हणाली, "तुम्ही बघून घ्या, मला सांगा कसा आहे."

पुळ्याला मात्र मजा आली.

सड्यावरचा | ६ जानेवारी, दुपारी १:३०

काका, बादलीबद्दल समस्त रत्नागिरीकरांच्या वतीने क्षमस्व. :D लॉजवाला भेटला तर त्याला पाखाडीवरून चार फेऱ्या मारायला लावतो.

गोदाकाठ, रागवायचं काय, एक दिवस जरूर द्या. फक्त जाताना निवळीच्या रस्त्याने जाऊ नका. शहरातून शिरगाव, काळबादेवीवरून समुद्राच्या कडेचा रस्ता पकडा. पुळं साधारण २५ किलोमीटरवर. आरे आणि वारे यांच्या मधला चढ चढून गाडी वळली की एकदम खाली दोन्ही पुळणी (वाळूचे किनारे) दिसतात. तिथे सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज निघतो.

किल्ल्याचं म्हणाल तर गाडी भगवतीच्या देवळाच्या अगदी जवळपर्यंत जाते, तिथून थोड्या पायऱ्या. त्या सावकाश जमतील. तटावर फिरायचा हट्ट आईंनी करू नये. देवळाच्या आवारात बसून समुद्राचा वारा खाल्ला तरी पुष्कळ.

पिंपळपान | ६ जानेवारी, रात्री ११:२०

खडूस काका, तुमची थिबा पॅलेसबद्दलची निराशा मी समजू शकतो. मलाही पहिल्यांदा तेच वाटलं. चूक आपली होते, आपण राजवाडा बघायला जातो. तो राजवाडा नव्हेच. नजरकैदेत ठेवलेल्या माणसाला सरकारने बांधून दिलेलं घर आहे ते. तसं बघितलं की रिकाम्या खोल्या बोलायला लागतात.

थोडं सविस्तर लिहितो, गोदाकाठच्या बाबांना आवडेल म्हणून. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला दोन राण्या आणि मुलींसह बोटीत बसवलं. आधी मद्रास, मग १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरी. राजा तेव्हा फक्त २७ वर्षांचा. रत्नागिरीच का? रेल्वे नाही, यायचं तर बोटीने, आणि पावसाळ्यात तर बोटही बंद. पळून जाणार कुठे! सह्याद्री एकीकडे, दर्या दुसरीकडे. त्याच्या चार मुलींपैकी दोघी मंडालेच्या, तिसरी मद्रासची आणि चौथी रत्नागिरीत जन्मलेली.

सड्यावरचा हा वाडा त्याला मिळाला १९१० मध्ये. म्हणजे तब्बल २४ वर्षं इतर बंगल्यांत काढल्यावर. आणि डिसेंबर १९१६ मध्ये तो गेलाच. हक्काच्या घरात जेमतेम सहा वर्षं. त्याचा मृतदेह परत न्यायची परवानगी मिळाली नाही. कबर रत्नागिरीतच आहे, शिवाजीनगर भागात, घरांच्या मध्ये. पर्यटकांपैकी शंभरातला एखादा तिथे जात असेल. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम येऊन गेले. थोरली राजकन्या पुढे रत्नागिरीतच परतली, तिची लेक टूटू इथेच मराठी बोलत म्हातारी झाली.

शेवटच्या मुघल बादशहाला इंग्रजांनी रंगूनला पाठवलं आणि ब्रह्मदेशाच्या राजाला कोकणात, ही अदलाबदल सगळ्यांना माहीत असते. दुसरी अदलाबदल कमी लोकांच्या लक्षात येते. टिळक आळीत जन्मलेले टिळक १९०८ ते १९१४ कुठे होते? मंडालेच्या तुरुंगात. म्हणजे १९१० मध्ये मंडालेचा राजा रत्नागिरीत सड्यावरच्या नव्या घरात राहायला आला, तेव्हा रत्नागिरीचा माणूस मंडालेत कोठडीत बसून 'गीतारहस्य' लिहायच्या बेतात होता. सावरकर पुढे १९२४ ते १९३७ इथेच स्थानबद्ध. इंग्रजांना रत्नागिरी म्हणजे नको असलेली माणसं ठेवायची माळ्यावरची खोली वाटत असावी.

खडूस_काका | ७ जानेवारी, सकाळी ८:१०

टिळक-मंडालेचं लक्षात आलं नव्हतं. मान्य. रिकाम्या खोल्यांबद्दलचं मत अर्धं मागे घेतो. बादलीबद्दलचं घेत नाही.

खारवारा | ७ जानेवारी, दुपारी ४:४५

मी वाऱ्याची. म्हणजे आरे-वारेतलं वारे. आमच्या पुळणीचे फोटो सगळे टाकतात, पाण्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते.

आमची पुळण दिसायला गरीब आहे, पाणी गरीब नाही. किनारा एकदम खोल होतो, आणि ओहोटीला लागलं की पाणी ओढतं. गुडघ्यापर्यंतच्या पाण्यात उभे असलात तरी पायाखालची वाळू सरकते आणि माणूस बसतो. पुळ्यालाही तेच. दर वर्षी कुणीतरी जातं, बहुतेक वेळा घाटावरची पोरं, पोहता येणारी. नदीतलं पोहणं वेगळं आणि इथलं वेगळं. मुलांना पाण्यात खेळवायचं तर भाट्याला न्या, तिथे उतार तसा मवाळ आहे. तिथेसुद्धा पाणी आत येत असतानाच, घोट्यापुरतं, आणि मोठं माणूस हाताच्या अंतरावर.

भरतीची वेळ कशी कळायची? मोबाइलवर बघता येते. आमच्यातली जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. पंचमी असली तर पाचाची पाऊणपट म्हणजे पावणेचार, पावणेचारला भरती. अष्टमीला सहा. त्यापुढे सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. वद्य पक्षातही हाच हिशोब. थोडं मागे-पुढे होतं, पण सहल ठरवायला पुरतं.

आणि कृपा करून गाडी वाळूत घालू नका. गेल्या मे महिन्यात एक पांढरीशुभ्र गाडी फोटोसाठी पार पाण्याजवळ नेली. सुकतीची वेळ होती, वाळू टणक लागली. फोटो, ड्रोन, सगळं होईपर्यंत पाणी वळलं. मागची चाकं रुतली, जितका ॲक्सिलरेटर दाबावा तितकी खाली. माझ्या दिराने ट्रॅक्टर नेला, दोर तुटला, दुसरा आणला. तोवर सीटखाली पाणी. गाडीवाले म्हणाले, "इथे बोर्ड का लावत नाही तुम्ही लोक?" बोर्ड त्यांच्या ड्रोनच्या पेटीला टेकू म्हणून उभा होता.

मत्स्यगंधा | ७ जानेवारी, रात्री ९:००

(आयडी ट्रेनवरून घेतलेला नाही, दोन्ही एकाच बाईवरून आहेत.)

जेवणाबद्दल कुणीच कसं बोललं नाही! पहिली गोष्ट, रत्नागिरीत येऊन "मालवणी थाळी कुठे मिळेल" विचारू नका. मिळते, सगळीकडे बोर्ड आहेत. पण मालवण सिंधुदुर्गात, इथून बरंच खाली. "येवा, कोकण आपलोच असा" हेही इथलं बोलणं नव्हे. दुकानदार हसून विकतो, मनात काय म्हणतो ते विचारू नका.

जानेवारीअखेरीस बांगडा, सुरमई, तिसऱ्या (शिंपल्या), कालवं मिळायला हवीत. थाळी घेण्याआधी आज ताजं काय आलंय ते विचारा आणि तेच घ्या. पापलेटचा हट्ट धरणाऱ्याला फ्रीजमधलं मिळतं. बाबा शाकाहारी असतील तर कुळथाचं पिठलं, भात आणि वर सोलकढी. ओल्या काजूची उसळ मिळाली तर नशीब, खरा हंगाम फेब्रुवारी-मार्चचा. उकडीचे मोदक आयत्या वेळी मागू नका, घरगुती खानावळीला आदल्या दिवशी सांगून ठेवा. आणि आंबा! जानेवारीत कुणी 'रत्नागिरी हापूस' म्हणून पेटी दाखवली तर पेटीवर काय लिहिलंय त्यापेक्षा आत काय आहे ते बघा. त्या वेळी बहुतेक झाडांवर मोहोर असतो. तो वास मात्र फुकट आहे, सकाळी थिबा पॅलेसच्या रस्त्याला खिडकी उघडी ठेवा.

नेण्यासाठी आंबापोळी, फणसपोळी, कोकम. मांडवीला भेळ खा, बाकी तिथे खाण्यासारखं मला तरी काही वाटत नाही.

सड्यावरचा | ७ जानेवारी, रात्री ९:४०

मांडवीची भेळ म्हणजे भेळेची कमाल नसून वाऱ्याची आहे, पण असो. आणि मांडवी एक्स्प्रेसने येणाऱ्यांसाठी: ती मांडवी म्हणजे गोव्याची नदी, आमची नव्हे. दर वर्षी एक तरी पाहुणा स्टेशनवर उतरून विचारतो, "मांडवी इथेच ना?" स्टेशन कुवारबावला. मांडवी गावाच्या दुसऱ्या टोकाला, पार खाली.

रिकामटेकडा | ८ जानेवारी, सकाळी १०:२५

अर्धा दिवस हाताशी असेल तर कातळशिल्पं. उक्षीला जाऊन या. सड्यावर, भर उन्हात, जमिनीवर कोरलेला हत्ती. जवळ उभं राहिलं तर नुसत्या रेघा दिसतात, काहीच कळत नाही. आता भोवती कठडा आणि उंचावर उभं राहून बघायची सोय केली आहे, तिथून एकदम सोंड जुळते, मग पाय, मग पाठ. हजारो वर्षांपूर्वी ज्याने हे कोरलं त्याला वरून बघायची काही सोय नव्हती, हे डोक्यात आलं की थोडं चक्रावायला होतं. कोकणातली ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. आमच्या लहानपणी त्यांच्यावरून गुरं जायची, आणि कुणी विचारलंच तर 'पांडवांनी काढलेलं' एवढं उत्तर तयार असायचं.

पाणी आणि टोपी न्या. सडा माणसाला भाजून काढतो.

गोदाकाठ | ८ जानेवारी, दुपारी १२:००

सगळ्यांचे किती आभार मानू! उक्षी आईमुळे बहुधा वगळावं लागेल. ट्रेनच्या प्रवासात बघण्यासारखं काही?

रिकामटेकडा | ८ जानेवारी, दुपारी १२:२०

उक्षी स्टेशन सोडल्यावर करबुड्याचा बोगदा, साडेसहा किलोमीटर. मुलांना घड्याळ लावायला सांगा. पानवलचा ६४ मीटर उंच पूल मात्र रत्नागिरीच्या पुढे, गोव्याच्या बाजूला आहे. तुम्ही आधीच उतरणार.

गोदाकाठ | २९ जानेवारी, रात्री १०:१०

परत आलो. कबूल केल्याप्रमाणे वृत्तांत. विस्कळीत आहे, सांभाळून घ्या.

शुक्रवारी जेवायच्या वेळेला पोचलो. वसंत पंचमी होती. आईने खारवारा यांचा मेसेज मोठ्याने वाचायला लावला होता, तिने रिक्षातच हिशोब केला, "पाचाची पाऊणपट, पावणेचार." आणि भाट्याला चारच्या सुमाराला गेलो तर पाणी खरंच पार सुरूच्या बनाकडे आलेलं. मोबाइलवरची वेळ आईच्या हिशोबाशी जवळपास जुळली. तेव्हापासून घरात आईला 'भरतीखातं' म्हणतात. पाणी वळायच्या बेतात म्हणून मुलांना आत सोडलं नाही. मुलगा रुसला आणि शिंपल्या गोळा करता करता विसरला.

शनिवारी सकाळी किल्ला. सातचे आठ झाले, माफ करा. आई भगवतीच्या आवारात बसली. मुलगी तटावरून धावत खाली आली, "आजी, एक समुद्र काळा आहे आणि एक पांढरा!" आई म्हणाली, "पाण्याचा रंग बघ बरं." ती परत वर गेली, बघून आली आणि म्हणाली, "दोन्ही निळे. मग नाव चुकलंय." तिला अजून पटलेलं नाही. नंतर आरे-वारेवरून पुळ्याला. वारे गाठलं तेव्हा साडेचार झाले होते, म्हणजे षष्ठीची भरती. पुळण अशी उरलीच नव्हती. वरच्या वळणावरून मात्र तो आवाज आमच्या गाडीतही निघाला. पुळ्याला दर्शनाला रांग भरपूर, डोंगराची प्रदक्षिणा आम्ही केली नाही.

रविवारचा दिवस खरा बाबांचा. टिळकांच्या घरात ते जवळजवळ तासभर होते. मला वाटलं होतं मोठा वाडा असेल. उतरत्या छपराचं, पुढे अंगण असलेलं साधं कोकणी घर. बाबा ओटीवर उभे राहिले आणि पिंपळपान यांनी लिहिलेलं नातवाला सांगायला लागले. मुलाने पहिल्यांदा मोबाइल खिशात घातला. म्हणाला, "म्हणजे त्यांनी स्वॅप केलं?" बाबांना शब्द कळला नाही, पण म्हणाले, "हो, तसंच."

मग त्यानेच हट्ट धरला की राजाची कबर बघू. रिक्षावाल्या दादांना पटकन कळलं नाही, दोघांना विचारत विचारत पोचलो. आजूबाजूला घरं. एका गच्चीवर शाळेचे युनिफॉर्म वाळत होते, कुकरच्या शिट्ट्या चालू. आम्ही सहा जण गप्प उभे. बाबांनी चपला काढल्या. का काढल्या ते विचारलं नाही. मग थिबा पॅलेस. काका, खोल्या रिकाम्या आहेत हे खरं. वरच्या मजल्यावर लाकडी खिडक्यांतून ऊन जमिनीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडलं होतं, आणि मुलगी एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत होती. तिथला शिपाई काही बोलला नाही, बघत बसला.

जेवणाचं: बांगडा झकास. मोदक सांगायला विसरलो, मत्स्यगंधाताई, चूक झाली. एका ठिकाणी 'फ्रेश हापूस पल्प' घेतला, घरी येऊन डबीवर तारीख बघितली, गेल्या मे महिन्यातला. तुम्ही बजावलं होतं तरी.

सड्यावरचा, एक गोष्ट तुमच्यासाठी. व्यनितून (खाजगी निरोपातून) तुम्ही सांगितलेली पाखाडी शोधली. आईला मी वरच थांब म्हटलं होतं. तिने ऐकलं नाही, "उतरायचीच तर आहे, चढताना रिक्षा करू." एक हात गडग्यावर, एक नातीच्या खांद्यावर, दर दहा पायऱ्यांनी थांबत उतरली. मध्ये एका मागच्या दारातून एक आजी बाहेर आल्या, विचारपूस झाली, आत बोलावून पाणी आणि गुळाचा खडा दिला. वीस मिनिटं दोघी गुडघ्यांवर बोलत होत्या. मुलीने पायऱ्या मोजल्या. अठ्ठ्याऐंशी भरल्या. तुम्ही नव्वद लिहिलं होतं. ती दोनदा मोजून आली.

सड्यावरचा | २९ जानेवारी, रात्री ११:३०

तिला सांगा, तिचं बरोबर आहे. खालचा रस्ता डांबर टाकून टाकून वर आलाय. शेवटच्या दोन पायऱ्या त्याच्या पोटात गेल्या. आम्ही मोजायचो तेव्हा खालच्या पायरीवर बसून पाय गटारात सोडता यायचे.

त्या आजींच्या दाराला निळा रंग होता का?

गोदाकाठ | ३० जानेवारी, सकाळी ८:०५

हो, निळाच. उडालेला. ओळखीच्या आहेत?

सड्यावरचा | ३० जानेवारी, सकाळी ८:२०

मला पाढे शिकवायच्या. गूळही तोच असणार.

खडूस_काका | ३० जानेवारी, सकाळी ९:४५

त्या पाखाडीच्या आसपास राहायची काही सोय होते का? मार्चमध्ये बायकोला घेऊन यायचा विचार आहे. समुद्र बादलीशिवाय दिसावा, एवढी एकच अट.